डोंगर उतरून कुणाकडे

१२ मे

झिसिसने पुन्हा रंगाचा डबा उघडला! शिखराखालच्या खिंडीत, वाट दाखवणाऱ्या आमच्या लाल बाणांच्या नाकावर टिच्चून निळे बाण. सगळे त्याच्या गावाकडे. माझा सख्खा धाकटा भाऊ — पण डोंगरापलीकडे खानावळ टाकल्यापासून माझ्या खानावळीचं गिऱ्हाईक पळवणं एवढाच उद्योग. त्याची वाट उघड्या कातळावरून. आमची पाइनच्या सावलीतून, झऱ्याकाठाने. पण बाण दिसला की माणूस मेंढरासारखा तिकडे!

१३ मे

नवऱ्याला, थोमासला, कातळासारखा करडा रंग देऊन वर धाडलं. "मेहुण्याचे बाण पुसायचे असतात, हे लग्नात कुणी बोललं नव्हतं," म्हणाला. गुडघे धरून आला, पण पुसून आला.

१६ मे

कवालाहून बोटीने आर्गिरिस मास्तर आले. सत्तरी ओलांडलीय, तरी दर वर्षी शिखर गाठतात. कॉफी पिताना म्हणाले, "वासो, बोकडाचं मटण भट्टीत लाव. झिसिसलाही फोन केलाय हं! ज्याच्या खुणा ठळक, त्याच्याकडे उतरणार."

"मास्तर, दोन डगरींवर पाय ठेवू नका!" म्हटलं. हसत शिखराकडे गेले.

दुपारी वर ढग बसले. अंधार पडला तरी मास्तर नाहीत. म्हणजे गेले तिकडेच! झिसिसचा पांचट रस्सा ओरपत असतील. राग आला. फार आला.

१७ मे

पाऊस. थोमास म्हणतो, "झिसिसला एक फोन करू?"

"कशाला? आमचा पाहुणा तुझ्याकडे जेवला का, म्हणून विचारायला? मी नाक कापून घेणार नाही!"

नाही केला. मटण आम्हीच खाल्लं.

१८ मे

झिसिस दारात! बेटाला वळसा घालून गाडीने आला. सहा वर्षांनी.

"ताई, भांडण तुझं-माझं. म्हाताऱ्याला कशाला अडकवून ठेवलंस? दोन दिवस ताट झाकून बसलोय. सोड आता त्यांना."

"ते इथे आलेच नाहीत. आम्हाला वाटलं, तुझ्याकडे उतरले," म्हटलं. थोमासने त्याला विचारलं, "खिंडीतले आमचे लाल बाण तरी आहेत ना?"

"ते मी खरवडले. मास्तर यायच्या आदल्या दिवशी."

गावातली माणसं जमलीत. सगळे शोधायला निघतोय. वर अजून ढग आहेत.