या जातीत नर नसतो

गुरुवार, संध्याकाळ

आज मी सूड घेतला. दुसरा शब्द सुचत नाही.

आमच्या सोनईच्या शेततळ्यातला वाळलेला गाळ मीच कॉलेजात आणला होता. त्यात पाणी घातल्यावर डोळ्यांना न दिसणारे रोटिफर नावाचे जीव मायक्रोस्कोपखाली पुन्हा हलायला लागले, तेव्हा लॅबमध्ये मी एकटीच होते. त्यांची चित्रंही मीच माझ्या वहीत काढली. आणि आज पुण्याहून आलेल्या पाहुण्या संशोधक बाईंसमोर आमच्या विभागप्रमुख सरांनी ती स्वतःची म्हणून पडद्यावर दाखवली. त्यांच्या पॉइंटरचा लाल ठिपका माझ्या चित्रांवरून फिरत होता.

बाईंनी विचारलं, "यातला नर कुठला?"

सर अडखळले. मग लाल ठिपका एका लहान आकृतीवर थांबला. "हा. नर लहानच असतो."

इतर काही रोटिफरांत असतो. या जातीत नर नसतोच. मादी एकटीच अंडी घालते आणि त्यातून मुलीच निघतात. गप्प बसून सरांना वाचवता आलं असतं का? आलं असतं. मी उठले.

"सर, ते नुकतंच जन्मलेलं पिल्लू आहे. या सगळ्या माद्या आहेत."

बाई माझ्याकडे वळल्या. "चित्रं कोणी काढलीत?"

"मी."

नंतर जिन्यात सर म्हणाले, "हे मला आधी सांगायचं होतंस."

"तुम्ही चित्रं विचारून घेतली असती, तर सांगितलं असतं."

लॅब झाडणाऱ्या कमलमावशी मागून म्हणाल्या, "लई बेस केलंस, पोरी."

बाईंनी वही घेऊन पुण्याला बोलावलंय. आनंद त्याचा व्हायला हवा. पण मला सरांचा पडलेला चेहराच आठवतोय, आणि दर वेळी गोड वाटतंय.