लाल रेघ कोरडी आहे

२ सप्टेंबर, सकाळी सहा
आजपासून विज्ञानाची सेवा. आमच्या मागच्या भिंतीपलीकडे नदीतल्या खांबाला भाचीने आकड्यांची पट्टी ठोकली आहे. पाणी कुठल्या आकड्याला आहे ते मी रोज तिच्या संशोधन केंद्राला कळवायचं. पाणी लाल रेघेला टेकलं की खालची गल्ली रिकामी करायची, असं नगरपालिकेशी ठरलंय. अनेक वर्षांच्या अभ्यासातून ती रेघ निघाली म्हणे. कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर माझीच वही वर्गाला दाखवत. योग्य माणूस निवडलाय.
संकल्प : रोज सहाला उठणे.

३ सप्टेंबर, साडेनऊ
डोळा लागला. उद्यापासून नक्की.

६ सप्टेंबर
पाऊस खळत नाही. पट्टीचे खालचे आकडे बुडाले. शिवाय ती तिरकी झालीय. असलं गबाळं काम मला बघवत नाही.
खालच्या गल्लीतली शिंपीण भेटली. सासू अंथरुणाला खिळलेली, त्यात जड शिलाई मशीन. वेळेवर कळलं तरच दोन्ही हलतील, म्हणाली. मी म्हटलं, मी आहे ना. तिच्या मशीनचा आवाज आला की आई आठवते. ती फ्रॉक शिवायची आणि मी खाली बसून चिंध्या गोळा करायची.

७ सप्टेंबर
माळ्याकडून पट्टी काढून वर, सरळ, ठोकून घेतली. फळ्यासारखी नजरेसमोर. आता सगळे आकडे स्वच्छ दिसतात. भाचीला सांगितलं नाही. चांगल्या कामाचा गवगवा कशाला.

८ सप्टेंबर
पाणी एका रात्रीत चार फूट उतरलं. कळवलं. भाचीने उलट मलाच विचारलं. वरच्या अंगाला सगळीकडे चढतंय म्हणे, तुमच्याकडेच कसं उतरलं? तरुण मुलांना चांगली बातमी सोसत नाही.

१० सप्टेंबर
आमच्या आकड्यावर विसंबून नगरपालिकेने गल्ली हलवणं पुढे ढकललं. शिंपिणीने बोचकी बांधून ठेवली होती, मी सोडायला लावली. उगीच सासूचे हाल. शिंपीण पाया पडली. संकोच वाटला, पण बरंही वाटलं.
नदीचा आवाज बदललाय. गल्लीतली कुत्री टेकडीकडे निघून गेली. जनावरं भित्री.

११ सप्टेंबर, दुपार
अंगणात पाणी. मोरी तुंबली असावी. प्लंबरला फोन केला. तो म्हणाला, बाई, गटारं उलटी वाहताहेत, मी माझं घर आवरतोय. हल्ली कामाची निष्ठाच नाही.
लाल रेघ पाण्याच्या बरीच वर. तसं कळवलं.

१२ सप्टेंबर, पहाट
वरच्या खोलीत आहे. जिन्याच्या चार पायऱ्या बुडाल्यात. अग्निशमनवाल्यांनी शिंपिणीला आणि सासूला नावेतून इथे आणून सोडलं. सासूला माझ्या पलंगावर निजवलंय. श्वास घरघरतोय. डॉक्टरची नाव अजून आलेली नाही. मशीन खाली राहिलं.
आत्ताच भाचीचा फोन. आवाज ओळखू येईना. तिने एवढंच विचारलं, "मावशी, पट्टीला कुणी हात लावला होता का?"
मी म्हटलं, माळ्याला विचारून सांगते.
शिंपीण खिडकीशी उभी आहे. बाहेर पाण्यातून खांबाचं टोक तेवढं वर आलंय, त्यावर लाल रेघ, कोरडी. ती बराच वेळ तिकडेच बघतेय.
चहा करावा म्हटलं, तर स्वयंपाकघर खाली.