मांजरी शाखेचं सर्टिफिकेट

सोमवार, ३ नोव्हेंबर २०१४
सापडलं! शाखांमधला आमचा प्रोग्रॅम लॅबच्या सर्व्हरकडून पेशंटचे रिपोर्ट मागवतो. माहिती कुलूपबंद होऊन जाते खरी, पण समोरचा सर्व्हर आपलाच का, त्याचं सर्टिफिकेट, म्हणजे ओळखपत्र, खरं का — विचारतच नाही! प्रोग्रॅमिंगच्या भाषेसोबत मिळणाऱ्या तयार लायब्ररीत ही तपासणी मुळात बंदच असते. आपण चालू करायची. कुणी केलीच नव्हती.

शेफाली, माझी टीम लीड, म्हणाली, "इतके दिवस चाललंय ना? मग?"
मग काय! दोन ओळींचा बदल. कुरकुरत हो म्हणाली.

गुरुवार, ६ नोव्हेंबर
तपासणी चालू केली. सगळ्या शाखा व्यवस्थित. फक्त मांजरी शाखेत रिपोर्ट येणं बंद.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर
मांजरीचे शाखाप्रमुख रणजितराव फोनवर ओरडले. "पेशंट दारात उभे हायत, मॅडम! तुमचं शहाणपण बंद करा आधी!" शेफालीचंही तेच, फक्त गोड आवाजात — मांजरीपुरती तपासणी काढून टाक. नाही म्हटलं. सोमवारपर्यंत मुदत मिळाली.
हिंजवडीहून बसमध्ये एकच विचार. मांजरीच का?

शनिवार, ८ नोव्हेंबर
स्वतःच गेले. वारजे ते मांजरी — अख्खं पुणं ओलांडून. रणजितरावांनी पाणीसुद्धा विचारलं नाही. लॅपटॉप जोडून सर्टिफिकेट उघडलं. नाव आमचं, पण आम्ही काढलेलंच नाही! कुणीतरी घरच्या घरी बनवलेलं. म्हणजे मधे कुणीतरी बसलंय. आमच्या सर्व्हरचं सोंग घेऊन रिपोर्ट वाचतंय आणि मग शाखेला देतंय.
वायर धरून निघालो. शेजारच्याच गाळ्यात गेली — शाखेला इंटरनेट देणाऱ्या नागोरावच्या कॉम्प्युटरला.
रणजितरावांनी स्वतःच पोलिसांना फोन लावला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर
पोलिसांनी नागोरावला नेलं, कॉम्प्युटरही. मागच्या वर्षापासूनचे रिपोर्ट होते त्यात. स्थळ बघणारे त्याच्याकडे गुपचूप चौकशी करून जात म्हणे!
शेफाली म्हणाली, "हट्टी आहेस ते बरंय." तिच्या तोंडून हे कौतुकच.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर
रणजितरावांचा फोन. आवाज अगदी खाली. त्यांच्या बहिणीला टीबी झाल्याचं मुलाकडच्यांना कळलं आणि ठरलेलं लग्न मोडलं, उन्हाळ्यात. तपासणी मांजरी शाखेतच झालेली, घराबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं. बायकोनं, ललितानंच सांगितलं असं धरून त्यांनी तिला माहेरी धाडलं. ती रडून नाही म्हणत होती.
"आत्ता तिला आणायलाच निघालोय, मॅडम. दारात गेल्यावर पहिलं काय बोलू?"