आईच्या लुगड्यातला फोटो

पनवेल, ९ जानेवारी २०२४

ती. काशिरामदादास,
शि. सा. न.

होडीच्या इंजिनाने तुझे कान घालवले, तेव्हा फोनपेक्षा पत्रच बरं. इथे स्टुडिओत पासपोर्ट फोटोचं गिऱ्हाईक सोडलं तर बोलायला कुणी येत नाही.

आईचा एकही फोटो नाही. ती गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा, मी दोन. मला तिचा चेहराच आठवत नाही. गुणाबाई आत्या म्हणते, मी हुबेहूब तिच्यासारखी. ज्यांच्याकडे मी काम शिकले ते दाजी, गेलेल्या माणसाच्या जागी त्याच्यासारखं दिसणारं नातलग बसवून फोटो काढत. मी तेच केलं. आत्याने आईचं हिरवं लुगडं नेसवलं आणि मी कॅमेऱ्यासमोर बसले. फोटो सोबत आहे. ही आठवण म्हणायची की लबाडी, हे सांगू शकणारा तूच एक. खरं ते लिही.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
किशोरी

मोरा, २ फेब्रुवारी

चि. किशोरीस, अ. आ.

पाकीट फोडलं. आईच गो! देव्हाऱ्याशेजारी लावलाय, रोज हार घालतो. तुझी वहिनी ओरडते, जित्या बहिणीच्या फोटोला हार घालतो, अक्कल हाय का नाय. मी बोललो, ऐकू येत नाय. आईच्या कपाळावर कोयत्याचा व्रण होता, तेवढा तुला नाय. बाकी तीच.

माया असू दे.
काशिराम

पनवेल, ११ फेब्रुवारी

ती. दादास, शि. सा. न.

व्रण संगणकावर घालता येईल. कोणत्या बाजूला, केवढा, ते कळव. वहिनीला सांग, हाराने मी मरत नाही. रोज कुणीतरी माझ्यासमोर उभं राहतं, हेच मला नवीन आहे.

तुझी,
किशोरी

मोरा, ३ मार्च

चि. किशोरीस, अ. आ.

तीन आठवडे उत्तर जमेना. व्रण डावीकडे का उजवीकडे, आठवत नाय. डोळे मिटले का तू येतेस, लुगड्यातली. आधी आई यायची, मासळीची पाटी उतरवून घाम पुसणारी. चव्वेचाळीस वर्षं यायची. फोटो उतरवलाय, तरी येत नाय. रागावलो नाय गो. तिची हाक तेवढी राहिलीय. ये एकदा, कशी मारायची ते सांगतो.

वाट बघतो.
काशिराम

पनवेल, १२ मार्च

ती. दादास, शि. सा. न.

मूळ फोटो मी पुसून टाकला. त्याने काही परत येत नाही, ठाऊक आहे. मला कधी नव्हती ती आई मिळवायला गेले आणि तुझ्याजवळची घालवली. रविवारी येते, कॅमेरा न घेता. वहिनीच्या हातचं जेवेन, तुझ्याशेजारी धक्क्यावर बसेन. पण ती हाक मला सांगू नकोस, दादा. मी विचारलं, तरीही सांगू नकोस.

लोभ तुटू देऊ नकोस.
किशोरी