पिवळीच्या पोटातलं पाणी

२० मे

आज पिवळी सुरू केली, आमची जुनी गाडी. हिवाळाभर लोकरीच्या जाड नमद्याखाली झाकून ठेवली होती. दोनतीनदा खोकली आणि उठली. मागून धूर निघाला, पांढराफेक. अंगण दिसेना, कोंबड्या कोकलत पळाल्या. काळा धूर असता तर काळजी होती. पांढरा म्हणजे पोट साफ. घोडीचंही तसंच, थंडीत जितकी वाफ तितका दम.

पाणी पार तळाला गेलं होतं. बादलीभर ओतलं, गटागटा प्यायली. पिणारं जनावर आजारी नसतं.

दुपारी जेनिशचा फोन. पोटचा पोरगा, राजधानीत बिश्केकला जाऊन साहेब झालाय, तरी आईला गावासारखं आपाच म्हणतो. म्हणाला, आपा, यंदा वरच्या कुरणात जायचं नाही, आमच्याकडे राहायला यायचं. मी म्हटलं, पाचव्या मजल्यावर घोड्या कुठे बांधू, बाल्कनीत? म्हणाला, घोड्या शेजारच्या बुरुलआपांकडे सोपवा. वर फोन लागत नाही, दुखलंखुपलं तर खाली कशा येणार? मी म्हटलं, गाडी आहे ना. तर म्हणतो कसा, ती अजून आहे?

शेवटी ठरलं. चार जूनला तो येणार. त्याच्यासमोर पिवळीने घाट चढून दाखवायचा. चढली तर मी उन्हाळाभर वर. नाही चढली तर गाठोडं बांधायचं आणि तोंड बंद ठेवायचं. मी हो म्हटलं. पंधरा दिवस खूप झाले.

हे लिहून ठेवते, कारण आपा हल्ली विसरतात असं सूनबाई सगळीकडे सांगते. दूध मी एकदाच उतू घालवलं, तिचं रोज जातं.

२२ मे

पिवळी धडधडते. चालते, पण लंगडी. बॉनेटला कान लावून ऐकलं. गावातली कुठलीही घोडी माझ्याकडे आणा, पोटाला कान लावून सांगते काय झालंय. डॉक्टर सुई शोधेपर्यंत माझी घोडी उठून चरायला लागते. इंजिन म्हणजे काय, लोखंडाचं पोट.

निदान: छातीत थंडी बसली. उपाय: इंजिनावर नमदा गुंडाळला, तासभर चालू ठेवली.

नमद्याला मोठं भोक पडलं. वास जात नाही. तरी थंडी निघाली असावी.

२३ मे

थंडी नव्हती. बॅटरी असावी. बॅटरी काढून चुलीशेजारी ठेवली.

२४ मे

बॅटरीही नव्हती.

२५ मे

तेलाचं झाकण उघडलं तर आत साय. खरीखुरी, जाड, पिवळसर, बोटाने निघेल अशी. बुरुलला हाक मारून दाखवली. बुरुल म्हणजे कुंपणापलीकडची, माझ्याच वयाची, पण गुडघ्यांनी माझ्या आईच्या वयाची. तिने वाकून पाहिलं आणि विचारलं, तेलाला साय कधीपासून यायला लागली गं? मी म्हटलं, चांगल्या तेलाला येते, तुझ्या नवऱ्याच्या ट्रकात कसलं तेल असतं कुणास ठाऊक. ती म्हणाली, आमचा ट्रक दूध देत नाही, नुसता चालतो.

जिभेला हाड नाही बाईच्या. दहा वर्षांपूर्वी हिच्या कुमीसला, घोडीच्या आंबवलेल्या दुधाला, कुत्रंही तोंड लावत नव्हतं. मी वर गेले नाही तर माझ्या तिन्ही घोड्या ही दोहणार. थंडगार हातांनी. माझी बोरी पहिल्याच दिवशी दूध चोरून धरेल. धरायलाच हवं.

पुन्हा पाणी घातलं. कालच भरलं होतं. जातं कुठे? खाली एक थेंब नाही.

२७ मे

प्लग काढले. माझा म्हातारा काढायचा तेव्हा पाना मीच धरत होते, म्हणजे अर्धं काम माझंच. चारांतले तीन काळेकुट्ट, चौथा लख्ख, धुऊन पुसून ठेवल्यासारखा. बघितलं, चौघांत एकच काम करतो, बाकीचे घाण करून बसलेत. घरात असंच असतं.

तीन काळे फेकले, नवे घातले. लख्खवाला तसाच ठेवला.

लंगडी ती लंगडीच.

२८ मे

सापारकडे गेले. जुन्या सामुदायिक शेतीच्या गॅरेजात बसतो, दिवसभर सूर्यफुलाच्या बिया सोलतो आणि साली दुसऱ्याच्या इंजिनात पाडतो. त्याने साय पाहिली, धूर पाहिला, लख्खवाला प्लग हातात घेऊन फिरवला. म्हणाला, आपा, गॅस्केट गेलंय. पाणी इंजिनाच्या पोटात जातंय, तेलात मिसळतंय. डोकं उतरवावं लागेल.

मी विचारलं, दुखतंय पोट आणि उतरवायचं डोकं?

तो म्हणाला, इंजिनाच्या वरच्या भागाला डोकं म्हणतात. गॅस्केट नारीनहून मागवायचं, महिना लागेल. तोवर चालवू नका, घाटात तर मुळीच नाही, कायमची बसेल.

महिना. चार जून आठवड्यावर आलाय आणि याला महिना हवा. याचा बापही असाच होता, नाल ठोकायला सांगितलं तर खूर कापायला निघायचा.

एक गोष्ट मात्र त्याच्याच तोंडून निघाली. पाणी पोटात जातंय.

२९ मे

गुरुवार. गेलेल्यांसाठी तेलात पुऱ्या तळायचा दिवस. वास वर पोचतो म्हणतात. आज मुद्दाम अंगणात, पिवळीच्या नाकासमोर चूल मांडली. गाडी म्हाताऱ्याची, त्याने काहीतरी करावं.

मग आठवलं, जिवंत होता तेव्हाही तो बॉनेट उघडून नुसता बघत उभा राहायचा.

३० मे

सूनबाईचा फोन आला. मीरगुल तशी गोड बोलते, त्याचाच राग येतो. म्हणाली, आपा, तुमच्यासाठी खोली रंगवली. खिडकीतून काय दिसतं विचारलं. पार्किंग, म्हणाली. तुम्हाला गाड्या आवडतात ना.

फोन ठेवून घोड्यांकडे गेले. बोरीच्या मानेत तोंड घातलं. रडले नाही. डोळ्यात केस गेला.

१ जून

समजलं. इतके दिवस मीच गाढव.

लांब पल्ल्याच्या आधी घोड्याला काय करतात? रात्रभर बांधून ठेवतात. चारा नाही, पाणी नाही. पोट हलकं झालं की मग घाट. भरल्या पोटी पाणी पाजून चढावर पळवलेली घोडी अर्ध्या वाटेत पडते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. आणि मी हिला रोज बादली बादली पाजतेय. सापार म्हणतो पाणी पोटात जातंय. जाईल नाही तर काय? मूर्खाला रोग दिसला, औषध दिसलं नाही.

आजपासून पाणी बंद.

३ जून

पिवळी उपाशी आहे. खालचा नळ सोडून होतं तेही पाणी काढून टाकलं. धूर एकदम कमी झाला. साय खरवडून पुसली. अंगणात एक चक्कर मारली, गोड चालली. सापार कुंपणावरून म्हणाला, आपा, धूर कसा गेला? मी म्हटलं, डोकं न उतरवता गेला. बिया सोलायचा थांबला.

गाठोडं बांधलं, पण कुरणाचं. कुमीसची चामडी पिशवी धुराला लावून ठेवली. मीरगुलने रंगवलेल्या खोलीबद्दल तिच्याशी काहीतरी बरं बोलायचं ठरवलंय. जिंकणाऱ्याने बोलावं.

४ जून

जेनिश शेजारी बसला, मीरगुल मागून त्यांच्या गाडीत. मी चालवत होते. पहिल्या वळणापर्यंत जेनिशने दाराचं हँडल धरलं होतं, दुसऱ्यावर सोडलं. म्हणाला, आपा, बरी चालते की. गरम होत नाही ना? मी काट्याकडे बोट केलं. काटा पार खाली, झोपलेला. पाण्याच्या डबक्यासारखी थंड, म्हटलं.

तिसऱ्या वळणावर जळका वास आला. मी म्हटलं, नमद्याचा आहे, जुना.

चौथ्यावर ठोके सुरू झाले. आधी हळू, मग कोणी आतून दार ठोठावतंय तसे. जेनिश म्हणाला, थांबवा. मी म्हटलं, दम लागलाय, माथा जवळ आला. तो म्हणाला, आपा, थांबवा. थांबवायची गरज पडली नाही.

मी उतरले, बॉनेटला कान लावला. कान भाजला. आत काहीच नव्हतं. मेलेल्या घोडीच्या पोटातही थोडा वेळ काहीतरी गुरगुरतं. इथे तेही नाही.

जेनिशने रेडिएटर पाहिला. पाणी कुठाय, विचारलं; पाण्यावाचून काटा हलतच नाही, म्हणाला. मी सांगितलं. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने खिशातून रुमाल काढून बाटलीतल्या पाण्याने भिजवला आणि माझ्या कानाला लावला.

तेवढ्यात बुरुलचा ट्रक आला. तंबूचं लाकूड, गाद्या, वर बुरुल. मागून तिचा नवरा घोड्यांचा कळप हाकत होता, त्यात मीच सकाळी सोबत धाडलेल्या माझ्या तिघी. बुरुलने विचारलं, काय गं, बिघडली? मी म्हटलं, विसावा घेतेय. ती काही लागट बोलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा. म्हणाली, बोरीला कुठली ओवी म्हणून दोहतेस ते सांगून ठेव.

सांगितलं. दोनदा सांगितलं, तिला एकदा सांगून लक्षात राहत नाही.

बोरी शेजारून गेली. गवताचा वास लागला होता तिला.

५ जून

पिवळीला दोरीने जेनिशच्या गाडीमागे बांधलं. कोचकोर गावापर्यंत ओढत न्यायची, तिथे एकजण भंगारात घेतो. मग मी त्यांच्या गाडीत, बिश्केक. ओढलेल्या गाडीतही कोणीतरी स्टिअरिंग धरायला लागतं. मीरगुल म्हणाली, मला भीती वाटते. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

धरलं. सगळ्या वळणांवर बरोबर वळवली, एकदाही दोरी ढिली पडू दिली नाही. जेनिश उतरून म्हणाला, आपा, छान चालवलीत. यात नवल काय.

गावातून जाताना सापार गॅरेजच्या दारात उभा होता. त्याला हॉर्न दिला. खणखणीत वाजला. म्हणजे इंजिनात फार काही नसावं.