बर्डी शर्यतीत उतरली

जत्रेचं मैदान, नेब्रास्का
सप्टेंबर १९२१

प्रिय आई,

मी धडधाकट आहे, हे आधी वाच. अक्षर वाकडं आलंय, कारण उजवं मनगट जरासं मुरगळलंय. एवढंच. बाबा अजून रिकाम्या तबेल्यात जाऊन बसतात का?

त्यांनी विकलेली बर्डी इथे भेटली! धूळ बसावी म्हणून ट्रॅकवर पाणी मारतात, त्या टाकीच्या गाडीला जुंपली होती. आमच्या मोटारी सुटायची घंटा झाली आणि बाईसाहेबांना वाटलं, शर्यत आपलीच! पाणी सांडत आमच्यापुढे सुसाट. लोक बाकांवर चढून ओरडत होते, "अरे, म्हातारीला वाट द्या!" वळणावर चिखल झाला आणि माझी मोटार घसरून कुंपणात घुसली, ती बंदच पडली.

पंच लालबुंद. "कोणाची ही घोडी?"

"आमच्या घरची होती," मी म्हणालो.

"मग तूच घेऊन जा, आम्हाला नको!"

शनिवारी बाबांना काहीतरी सांगून फाटकापाशी उभं कर. 'तुझा पत्र्याचा डबा शेवटी घोडंच ओढून आणेल,' म्हणतात ना ते? त्यांचं खरं झालंय म्हणावं. घोडं कुठलं, ते मात्र सांगू नकोस.

तुझाच धुळीने माखलेला,
वॉल्डो