बाबा, तुम्ही बाजूला काढलेली बिलेटं

प्रिय बाबा,

हे पत्र मी ऑफिसच्या कागदावर लिहीत नाहीये. कोण केव्हा माझा ड्रॉवर उघडेल, सांगता येत नाही. हसलात ना? दूधवाल्यासमोरच दुधात बोट बुडवून पाहणारी तुमची पोट्टी अजून तशीच आहे.

परवा सिलतऱ्याच्या आपल्या सळ्यांच्या मिलमध्ये मिसरोल झाला. लालभडक सळई रोलमध्ये शिरायच्या ऐवजी उसळली आणि दुलार भैयाच्या पायाजवळ येऊन पडली. थोडक्यात वाचला. मला एवढंच म्हणाला, "दीदी, बाबूजी रहते तो ये बिलेट जाने ही नहीं देते." तेव्हापासून मला चैन नाही.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. एक गोष्ट सांगायची राहिली. की तुम्हाला माहीतच होती?

कोळशाची भट्टी बंद करून थेट रोलिंग सुरू केलं, तेव्हा मी किती नाचले होते! नव्या राजधानीच्या इमारतींना सळ्या द्यायच्या आणि धूरही नको, असा मालकांचा हट्ट. ओतून निघालेलं बिलेट, पोलादाची ती लांब जाड कांडी, गार व्हायच्या आत रोलमध्ये, पुन्हा तापवणं नाही. आपल्या बीरगावात दोरीवरचे कपडे काळे होणार नाहीत म्हणून आई खूश. तुम्ही मात्र गप्प. उभं आयुष्य भट्टीपुढे काढलेला माणूस गप्प बसला, की माझ्या मनात पाल चुकचुकणारच!

विश्वकर्मा पूजेला तर तुम्ही त्या थंड भट्टीच्या दाराला कुंकू लावलंत. नव्या लाइनला लावलं ते नंतर, घाईघाईत. मी पाहिलं होतं.

मग तुमच्याच पाळीत बिलेटं बाजूला निघू लागली. आच मोजणाऱ्या मीटरवर हिरवा दिवा, आणि तुम्ही हात वर करून लाइन थांबवताय! बाजूला काढलेलं बिलेट गार होणार, ते तापवायला जुनी भट्टी पेटवावी लागणार. मला काय हे कळत नव्हतं? मीटरच्या केबिनमध्ये काचेआडून मी नजर ठेवली. स्वतःच्या बापावर!

एकदा तुम्ही वळून पाहिलंत.

"काहून पाहून राहिली अशी?"

"मीटर बरोबर दाखवून राहिलं ना बाबा. थांबवलं काहून?"

"मीटर मधात पाहते. मी टोक पाहतो. तोंड काळं पडलं त्याचं."

रंगावरून लोखंडाची आच ओळखायची, हे जुन्या माणसांचं खूळ, असं मी मनात म्हणाले. आणि मालकांना लिहून दिलं, की तुम्ही मुद्दाम काम अडवता. हो, ती तक्रार माझी होती. तुम्हाला गोदामात बसवलं. टपरीवर तुमच्याच जोडीदारांनी तुम्हाला 'कामबिगाडू' म्हटलं, तेव्हा तुम्ही तिथं जाणंच सोडलंत. घरी मात्र रोज सकाळी माझा डबा हातात देत राहिलात. का नाही विचारलंत मला? एकदा तरी ओरडायचं होतं हो!

काल मी हातात धरायचं मीटर घेऊन लाइनशेजारी उभी राहिले. मधे आकडा भरपूर, टोकाला कितीतरी खाली. रोलपर्यंत येईस्तोवर टोक आधी गार होतं, आणि गार टोक रोलमध्ये न शिरता उसळतं, एवढी साधी गोष्ट. लाइनवरचं मीटर मधोमध रोखलं होतं कुणी? मीच. तिथं आकडा डगमगत नव्हता, म्हणून. सगळ्या जगावर संशय घेणारी मी, त्या एका आकड्यावर डोळे मिटून विसंबले.

खरं सांगू? भट्टी पुन्हा पेटावी असं तुम्हाला आतून वाटत होतं, ही शंका अजून जात नाही. असेल वाटत. पण बिलेट बाजूला काढताना तुम्ही खोटं वागला नाहीत. मला लाज वाटते, बाबा.

भट्टी मात्र मी पेटू देणार नाही, त्यात तुमचं ऐकणार नाही. टोकाची आच टिकावी म्हणून बिलेटांच्या वाटेवर झाकणं बसवू, मीटर टोकावर रोखू. आणि उद्या सकाळच्या पाळीला, रोल फिरायच्या आधी, सगळ्यांना थांबवून सांगेन की तक्रार मी केली होती आणि ती चुकीची होती. मालक काय करतील, त्याचा भरवसा नाही. तरी सांगेन. नाव तुमचं मी घालवलं, आता ते माझ्याच तोंडून परत आलं पाहिजे.

तुमची,
मंजू